वारंवार विचारले जाणारे प्रश्न : कागद, शाई आणि हाताने लिहिणं

पुण्यात अप्पा बळवंत चौकातून आत वळलं की एका बोळात आमचं वह्या-पेनांचं दुकान आहे. मी तिसऱ्या पिढीतला. तीस वर्षं गल्ल्यावर बसून तेच प्रश्न ऐकतोय आणि तीच उत्तरं देतोय. भाची म्हणाली, "मामा, एकदा लिहून टाक ना, लोकांना नुसती लिंक पाठवता येईल." म्हणून हे पान. आधी सगळं वहीत लिहिलं, मग तिने टाइप केलं. मला टाइप करावं लागलं असतं तर तीन प्रश्नांत आटोपलं असतं. पाटी लावून गिऱ्हाइकाला गप्प करायची आमच्या पेठांची रीत आहे, पण एवढी मोठी पाटी टांगायची कुठे?

मोबाइलच्या जमान्यात वह्या-पेनं अजून खपतात का?

खपतात. जूनमध्ये शाळेच्या वह्या, दिवाळीला रोजमेळ आणि खतावणी, डिसेंबरात डायऱ्या. हिशेब कॉम्प्युटरवर गेले त्याला जमाना झाला, तरी लक्ष्मीपूजनाला कोरी चोपडी लागतेच. काहीजण लॅपटॉपलाही हळदकुंकू लावतात, पण 'श्री' काढतात तो चोपडीच्या पहिल्या पानावर.

धंदा पूर्वीइतका नाही हेही खरं. आवक-जावक रजिस्टरं, पावती पुस्तकं, ऑफिसातली कारकुनी सगळी पडद्यावर गेली. मागे राहिलं ते कोणी सक्ती न केलेलं लिहिणं. माणूस आपणहून येतो, पेन हातात घेतो आणि काउंटरवरच्या रफ पॅडवर चालवून बघतो.

त्या पॅडवर लोक काय लिहितात ते बघण्यासारखं असतं. आजोबा मंडळी आधी ॥ श्री ॥ काढतात. शाळकरी मुलं स्वतःचं नाव लिहितात, शेजारी आणखी कोणाचं तरी लिहितात आणि ते घाईघाईने खोडतात. मधल्या वयाची माणसं सही करतात, एकदा नाही, चारदा. अभ्यासिकेतली पोरं सही करून खाली 'उपजिल्हाधिकारी' लिहितात, परीक्षा अजून व्हायची असते. पेन चालतंय का एवढंच बघायचं असेल तर चार रेघोट्या पुरतात की. नवा मोबाइल घेताना कोणी स्वतःचं नाव टाइप करून बघत नाही. हाताने लिहिताना माणूस मजकुराइतकाच स्वतः कसा उमटतो ते बघत असतो, असं माझं मत आहे. पुढच्या बऱ्याच उत्तरांच्या मुळाशी तेच आहे.

हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं, हे सिद्ध झालंय का?

पालक हा प्रश्न मुलासमोर विचारतात आणि मी 'हो' म्हणावं म्हणून माझ्याकडे बघतात. उत्तर थोडं लांब आहे.

२०१४ मध्ये म्युलर आणि ओपनहायमर या दोन अमेरिकी संशोधकांचा एक निबंध आला. विद्यार्थ्यांना व्याख्यानं दाखवली. काहींनी लॅपटॉपवर टिपणं घेतली, काहींनी वहीत. नुसती माहिती विचारली तेव्हा दोघं सारखेच निघाले, पण समजून उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा वहीवाले पुढे गेले. कारण असं मांडलं गेलं की लॅपटॉपवाले ऐकलं ते शब्दशः उतरवत होते. वहीवाल्यांचा हात तेवढा वेगाने चालत नाही, म्हणून त्यांना काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे जागेवर ठरवावं लागलं. हा निबंध जगभर गाजला, आमच्या दुकानातही कोणीतरी त्याचं कात्रण आणून दिलं. पुढे २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने तोच प्रयोग पुन्हा केला. शब्दशः उतरवणं तसंच दिसलं, गुणांतला फरक मात्र दिसला नाही. ते कात्रण मला कोणी आणून दिलं नाही.

२०२४ मध्ये नॉर्वेतल्या विद्यापीठातला प्रयोग आला. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्याला २५६ सेन्सरची जाळी बसवून बघितलं, तर हाताने लिहिताना मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी जास्त जोडलेले दिसले. पण त्यात लिहिणं होतं टचस्क्रीनवर डिजिटल पेनने, आणि टायपिंग होतं एका बोटाने. म्हणजे तो प्रयोग हाताच्या बाजूने आहे, कागदाच्या बाजूने आहेच असं नाही. कागदाची बाजू टोकियोतल्या २०२१ च्या एका प्रयोगात दिसते. ४८ जणांना तारखा-वेळांच्या नोंदी करायला दिल्या, कोणाला कागदी वही, कोणाला टॅबलेट, कोणाला फोन. कागदवाल्यांचं काम सगळ्यांत आधी झालं, आणि नंतर आठवताना त्यांच्या मेंदूत हालचालही जास्त दिसली. कागदावर प्रत्येक नोंदीला स्वतःची जागा असते, ती जागाही लक्षात राहते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

हे शेवटचं मला पटतं. "उजवीकडच्या पानावर, खाली, चहाचा डाग आहे तिथे लिहिलंय" असं आपण म्हणतो ना, तेच. फोनमध्ये सगळंच वर सरकून जातं. पण नुसती वही घेऊन मार्क वाढत नाहीत. तसं असतं तर माझे वाढले असते, घरात रिमांनी कागद होता.

मुख्य परीक्षेची तयारी करतोय. दोन पानं लिहिली की हात भरून येतो. कोणतं पेन घेऊ?

सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता इथल्या अभ्यासिकांतून हा प्रश्न रोज येतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली तेव्हापासून तर जास्तच. त्याआधी कित्येक वर्षं ही मुलं नुसते गोल काळे करत होती, पाच-सहा वर्षं सलग चार ओळी न लिहिलेलीही होती त्यांत. २०२३ मध्ये याच शहरात त्यावरून आंदोलन झालं, पोरं रात्रभर रस्त्यावर बसली. त्यांच्या मागण्यांविषयी बोलायचा मला अधिकार नाही, पण हाताची तक्रार खरी होती.

केंद्राच्या, म्हणजे यूपीएससीच्या, मुख्य परीक्षेचं गणित बघा. सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात २० प्रश्न, ३ तास. दहांची उत्तरं १५० शब्दांत, दहांची २५० शब्दांत. म्हणजे ४,००० शब्द, विचार करायचा वेळ धरून मिनिटाला २२. जेवून आलं की दुसरा पेपर.

आता पेन. बॉलपेनमधली शाई घट्ट असते, तिला उतरवायला दाबावं लागतं. तो दाब बोटांतून मनगटात आणि तिथून खांद्यात जातो. जेलपेन किंवा शाईपेन कमी दाबावर चालतं. पेनाची मूठ अगदी बारीक नको, बारीक पेन माणूस आवळून धरतो. पण निम्म्याहून जास्त दोष पेनाचा नसतोच. लिहिताना पेन सहज ओढून काढता आलं पाहिजे; कोणाला तरी मागून ओढायला सांगा, निघालं नाही तर तुम्ही पेन धरलेलं नाही, त्याचा गळा धरलाय. मनगट टेकवून बोटांनी ओढण्याऐवजी कोपरापासून हात सरकू द्या. पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास सलग, मग पाऊण, मग तास, असं तीन तासांपर्यंत जा. आठवडाभर आधी नवं पेन घेऊ नका. हे मी पेन विकणारा माणूस सांगतोय.

आणि दुखण्याची लाज वाटू देऊ नका. हाताने पोथ्या उतरवणारे लेखनिक शेवटी एक श्लोक घालत: पाठ, कंबर, मान मोडली, नजर ताठली, मान खाली घालून कष्टाने हे लिहिलंय, जिवापाड जपा. भांडारकर संस्थेत २८,००० च्या वर हस्तलिखितं आहेत. त्यांतली किती पाठदुखीतून आली असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. या वयात सुधारेल का?

सुधारेल, पण 'सुंदर' व्हायच्या मागे लागू नका, आधी वाचता येईल असं करा. मराठी अक्षराचे दोष थोडेच असतात आणि ते सगळ्यांचे सारखेच असतात. काना अक्षरापेक्षा आखूड किंवा लांब. मात्रा आणि वेलांट्या शेजारच्या डोक्यावर. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत फरक न ठेवणं. शब्दांत अंतर नाही आणि अक्षरांत मात्र आहे. यातला एक दोष निवडा आणि महिनाभर तेवढाच सांभाळा. रोज अर्धं पान पुरे. दुरेघी वही घ्यायला लाज वाटत असेल तर साध्या आखीव वहीत एक ओळ सोडून लिहा.

शिरोरेघ द्यावी का, असं विचारतात. घाईत कोणीच देत नाही, चालतं. पण सराव करताना द्या, कारण तीच अक्षरांची उंची एका ओळीत आणते.

समर्थांनी यावर एक आख्खा समास लिहिलाय हे पुष्कळांना माहीत नसतं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेचाच आहे. त्यातल्या सूचना इतक्या व्यवहारी आहेत की दुकानात लावता येतील. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत राहावं, सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं. चहूबाजूंनी जागा सोडून मध्ये लिहावं, म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. आणि मला सगळ्यांत आवडणारी: तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, मध्यम लिहावं. चष्म्याचा नंबर वाढल्यावर स्वतःच्याच जुन्या वह्या उघडलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

अक्षरावरून स्वभाव ओळखता येतो म्हणतात...

येत नाही. त्याला शास्त्राचा आधार नाही. मनगट थकलंय, घाई आहे, पेन वाईट आहे, एवढं कळतं. सही वरच्या दिशेने केली की भरभराट होते म्हणून सही बदलून आलेले एक गृहस्थ पुढे बँकेत सही जुळेना म्हणून हेलपाटे घालत होते.

शाईपेन घ्यावं का? फार उपद्व्याप असतो ना त्याचा?

असतो. शाई भरा, निब धुवा, बोटं निळी करून घ्या, उन्हाळ्यात खिशात ठेवलं तर शर्टाची काळजी करा. वॉटरमनने १८८४ मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून निब, तिच्याखालची जीभ आणि शाईची टाकी हीच रचना आहे. शाई केशाकर्षणाने उतरते, टाकीत तेवढीच हवा वर जाते. लास्लो बिरोने १९३८ मध्ये बॉलपेनचं पेटंट घेतलं ते मुख्यतः याच कटकटीतून सुटायला, आणि तो सुटलाही. दहा रुपयांचं बॉलपेन फेकून देता येतं ही फार मोठी सोय आहे, मी तिला नावं ठेवणार नाही.

तरी शाईपेनाचं एक आहे. निब हळूहळू तुमच्या हाताच्या कोनाला सरावते. वर्ष-दोन वर्षांनी तेच पेन दुसऱ्याने घेतलं की खरखरतं. म्हणून शाईपेन उसनं देऊ नये, असं आमचे वडील सांगत. लोकांना वाटे ते कंजूष आहेत. होतेही, पण यात बरोबर होते.

पहिलं शाईपेन महागाचं घेऊ नका. चालेना झालं तर आधी साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. दहातली आठ पेनं वाळलेल्या शाईने अडलेली असतात. गरम पाणी नको, स्पिरिट तर नकोच.

माझ्या वहीत शाई फुटते. जाड कागद घेऊ का?

जाडीचा गैरसमज फार आहे. कागदावर ७० जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ७० ग्रॅम. त्यावरून फार तर मागच्या बाजूला किती उमटेल याचा अंदाज येतो. शाई फुटणं, म्हणजे रेघेला केस फुटणं, हे कागदाला खळ किती आणि कशी दिली आहे त्यावर असतं. टीपकागदाला खळ नसते, म्हणूनच तो शाई पितो. पातळ पण नीट खळ दिलेला कागद जाड भुसभुशीत कागदापेक्षा चांगला. परीक्षा सोपी आहे: तुमच्याच पेनने मागच्या पानावर एक जोडाक्षर लिहा, 'क्ष्म' वगैरे. पोटातली जागा भरून गेली तर वही परत ठेवा. दुकानदार रागावला तर आमच्याकडे या.

हे आपल्याकडे जुनं ज्ञान आहे. कसबा पेठेत कागदीपुरा आहे, तो हाताने कागद करणाऱ्या कागदी लोकांच्या वस्तीवरून. जुन्नरलाही कागदी होते, जुन्नरी कागदाला नाव होतं. चिंध्या कुजवून, कुटून त्यांचा लगदा करायचा, चाळणीवर ताव उचलायचा, वाळला की खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटलेल्या कागदावर बोरू अडत नाही. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर हा धंदा बसला. पुढे गांधीजींच्या प्रेरणेने १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. शिवाजीनगरला, कृषी महाविद्यालयाजवळ. तिथे लाकूड नाही, सुती कापडाच्या चिंध्यांपासून कागद होतो. लग्नपत्रिका, पाकिटं, चित्रांसाठी उत्तम. रोजच्या लिहिण्याला मात्र पोत बघून घ्या, खरबरीत तावावर बारीक निब अडकते आणि तंतू ओढून आणते.

२०० पानी वहीत १०० च कागद का निघतात?

दोन्ही बाजू मोजतात म्हणून. रोज एकजण तरी मोजून बघतो. आणि हो, वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे, तेही मोजून बघतात.

कायम टिकेल अशी शाई कोणती?

काळी, आणि तीही कार्बनची. पेशवे दप्तरातले मोडी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. दोनशे-अडीचशे वर्षांची अक्षरं अजून काळीकुळकुळीत दिसतात, कारण शाई काजळ आणि डिंकाची. काजळ म्हणजे कार्बन, तो उन्हाने उडत नाही. शाळेत वापरतो ती निळी, धुतली जाणारी शाई रंगाची असते. तिचं काम शर्टावरून निघून जाणं, आणि ती कागदावरूनही निघून जाते. शंका असेल तर एका कागदावर चार शाया ओढून, अर्धा भाग झाकून खिडकीत महिनाभर लावून ठेवा.

पण कार्बनची शाई शाईपेनात भरताना जपून. वाळली की निघत नाही. पेनासाठी म्हणून वेगळी बनवलेली असेल तरच भरा.

पेन्सिलीला कमी समजू नका, ग्रॅफाइट म्हणजेही कार्बनच. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आमचं घर शनिवारात, नदीच्या अंगाला होतं. आजोबांच्या उधारीच्या वह्या दोन दिवस चिखलात होत्या. वाळवल्यावर शाईची पानं नुसती निळसर ढगाळ झालेली, आणि आजोबांनी पेन्सिलीने केलेली टिपणं जशीच्या तशी. म्हणजे कोणी किती देणं लागतो ते गेलं, आणि कोणाकडे वसुलीला कोणत्या वारी जायचं तेवढं राहिलं. काही लोकांनी येऊन आपण होऊन आकडे सांगितले, काहींनी नाही.

टिळकांनी गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलं तेही पेन्सिलीने. शाई द्यायची परवानगी नव्हती, सुटे कागदही नव्हते, पानं मोजून दिलेल्या बांधीव वह्या होत्या. सुटून आल्यावर १९१५ मध्ये पुस्तक पुण्यात निघालं. कोणी "पेन्सिलीने काय लिहायचं" म्हणालं की मी हे ऐकवतो.

मोडी शिकायची आहे. कुठून सुरुवात करू?

भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा, सदाशिव पेठेत. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी १९१० मध्ये सुरू केलेली संस्था, मोडीचे वर्ग तिथे होतात. आमच्याकडून फक्त आखीव वही आणि बोरू किंवा चपट्या टोकाचं पेन न्या.

मोडीत आधी पानभर ओळ मारून घेतात आणि मग अक्षरं तिला लटकवतात. हात शक्यतो उचलायचा नाही, म्हणून अक्षरं एकमेकांत वळतात, मोडतात. शिकायला आठ दिवस लागतात, वाचायला आयुष्य, कारण प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. छपाई आणि टाइपरायटर यांना ही वळणं झेपली नाहीत, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी रोजच्या वापरातून गेली. आता २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे. कीबोर्डने मारलेली लिपी कीबोर्डवरच परत आली म्हणायची. ज्यांच्या घरात जमिनीचे जुने कागद आहेत ते शिकायला येतात, पण टिकतात ते ज्यांना वळण आवडलं ते.

फोनवरचे 'ल' आणि 'श' माझ्या हातच्यासारखे का नसतात?

फार चांगला प्रश्न, आणि तो नेहमी शाळेतल्या शिक्षिका विचारतात. आपण 'ल' दोन पाकळ्यांचा काढतो, हिंदीत तो उभ्या दंडाला जोडून काढतात. 'श'चंही तसंच. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वळणच प्रमाण धरलं. पण कॉम्प्युटरला दोन्ही वळणं म्हणजे एकच अक्षर, एकच क्रमांक. कोणतं दिसेल ते फाँट ठरवतो. फाँटमध्ये मराठी वळण असेल आणि 'हा मजकूर मराठी आहे' असं त्याला कळवलेलं असेल तरच ते दिसतं. तुम्ही हे वाचताय तिथेही बहुधा हिंदी 'ल' असेल. मुलांना पुस्तकात एक, फळ्यावर दुसरा आणि फोनवर तिसराच दिसतो. पाटीवर गिरवून घेतलेला 'ल' मात्र बदलत नाही, हात त्याला विसरत नाही.

टॅबलेटवर पेनने लिहिलं तर?

चालेल की. वर सांगितलेला नॉर्वेचा प्रयोग त्यावरच झालाय. आकृत्या, गणितं, सुधारणा यांना सोयीचं. मला काचेवरून पेन घसरल्यासारखं वाटतं, पण मी वयस्क माणूस आहे आणि कागद विकतो, माझं मत धरू नका.

मुलगी डावखुरी आहे. उजव्या हाताची सवय लावू का?

नको. डाव्या हाताला अडचण एवढीच की हात नुकत्याच लिहिलेल्या ओळीवरून जातो आणि शाई फासली जाते. कागदाचा वरचा भाग उजवीकडे कलता ठेवायला शिकवा, पेन टोकापासून जरा वर धरायला सांगा, म्हणजे तिला काय लिहिलंय ते दिसेल आणि हात ओळीच्या खालून जाईल. लवकर वाळणारी शाई घ्या. शिरोरेघ डावीकडून उजवीकडे ओढताना तिला पेन ढकलावं लागतं, म्हणून टोकदार निब नको, गोल टोकाचं जेल किंवा बॉल बरं. स्पायरल वही डाव्या हाताला टोचते, वरून उलटणारं पॅड द्या.

आजीला पत्र लिहायचंय. सुरुवात कशी करतात?

हे विचारायला अलीकडे विशी-पंचविशीतली मुलं येतात, आणि थोडी लाजत विचारतात. सांगतो. वर मध्यभागी ॥ श्री ॥. उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख. आई-वडिलांना 'तीर्थरूप', बाकी वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप'. म्हणजे आजीला 'तीर्थस्वरूप आजीस, शिरसाष्टांग नमस्कार'. बरोबरीच्यांना 'सप्रेम नमस्कार', अनोळखी माणसाला सा. न. वि. वि. (साष्टांग नमस्कार विनंती विशेष), लहानांना 'चि.' आणि 'अनेक आशीर्वाद'. शेवटी 'कळावे, लोभ असावा'. सही झाल्यावर आठवलेलं 'ता. क.' मध्ये. खरी बातमी नेहमी ता. क. मध्येच असते.

भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला आलं, पाव आण्याला. उघडं असल्यामुळे पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे वाचत, म्हणून त्यावर लिहायची भाषाच वेगळी होती. 'तुम्हांस ठाऊक असलेले काम झाले' अशी. कोणी गेल्याची खूण म्हणून कोपरा फाडलेलं कार्ड आलं की न वाचताच घरात रडारड सुरू होई. आजीसाठी आंतर्देशीय घ्या, जागा पुरते. मजकूर सुचत नसेल तर काय जेवलात ते लिहा. आजी तेवढंच दोनदा वाचेल. आणि अक्षर मोठं काढा.

वडिलांच्या जुन्या डायऱ्या आहेत. लॅमिनेट करून घेऊ?

अजिबात नको. उष्णता देऊन चिकटवलेलं प्लॅस्टिक परत निघत नाही, कागद आत पिवळा पडत जातो. सेलोटेपही नको, काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन कागदात उतरतो. फोटो काढून ठेवा, मग डायऱ्या सुती कापडात बांधा. दप्तरखान्यात कागद रुमालात बांधतात ते उगाच नाही. भिंतीला लागून असलेलं कपाट नको, पावसाळ्यात ओल येते. कसर लागू नये म्हणून वाळलेला कडुलिंबाचा पाला आमच्याकडे ठेवतात, वर्षातून दोनदा वारा मात्र द्यायचाच. जुन्या पोथ्यांवर आणखी एक श्लोक असे: तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असं पुस्तक सांगतंय. पुणेरी पाटीची परंपरा आपण समजतो त्याहून जुनी आहे.

पेन चालवून बघितलं तर घ्यावंच लागतं का?

नाही. पॅड त्यासाठीच आहे. नाव लिहा, सही करा, काय वाटेल ते लिहा. भरलेली पॅडं मी टाकत नाही, माळ्यावर ठेवतो, त्यामुळे कोणाचा नंबर किंवा पिन तेवढा लिहून बघू नका. आणि जाताना टोपण लावून ठेवा.